अवजारांची पूजा आणि अवजारांचा अभ्यास

(एका शिक्षणसंस्थेच्या शिक्षक-पालक मेळाव्यात ‘उपकरणनिर्मितीतून तंत्रशिक्षण’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खंडेनवमीच्या दिवशी आपल्या घरी काय घडते, तेथूनच मी आजच्या विषयाला आरंभ करतो. त्या दिवशी विळी, कोयता, हातोडी, पक्कड, पाना, शिलाईयंत्र अशी घरातील सारी अवजारे स्वच्छ पुसून पाटावर मांडली जातात. त्यांना गंध-अक्षता वाहिल्या जातात, झेंडूचे फूल वाहिले जाते. कारखान्यात लेथला हार घातला जातो आणि दारातील वाहनालाही. अलीकडे त्या पाटावर लॅपटॉपही येऊन बसला आहे. ज्या साधनांवर आपला संसार आणि समाज उभा आहे, त्यांच्यापुढे वर्षातून एकदा नम्र व्हावे, हा संस्कार फार मोठा आहे.

परंतु दुसऱ्या दिवसापासून काय होते? घरातील मुलगा बिघडलेला पंखा उघडून बसला, की आपण त्याला काय म्हणतो? “आधी अभ्यास कर. हात काळे करायचे असतील तर शाळेत कशाला जातोस?” ज्या अवजाराची काल पूजा केली, ते आज हातात धरणे म्हणजे अभ्यास नव्हे, अशी आपली ठाम समजूत आहे. आपण अवजार देव्हाऱ्यात ठेवले आणि अभ्यासाच्या खोलीबाहेर काढले. आज मला या विसंगतीविषयी बोलायचे आहे.

कानशीने दिलेला पहिला धडा

माझे सारे आयुष्य उपकरणे घडवण्यात गेले, म्हणून थोडे स्वतःविषयी सांगतो. मी अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरीला लागलो, तेव्हा माझ्या विभागप्रमुखांनी मला थेट कार्यशाळेत पाठवले. तेथे एक ज्येष्ठ फिटर होते. शिक्षण बेताचे, घराणे लोहारकामाचे. त्यांनी माझ्या हातात पोलादाचा एक तुकडा आणि कानस दिली. म्हणाले, “साहेब, याच्या सहाही बाजू काटकोनात आणा.” मला वाटले, दोन तासांचे काम आहे. दोन दिवसांनी मी तो तुकडा त्यांना दाखवला. त्यांनी त्याला गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला. गुण्या आणि पोलाद यांच्या मधून उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. ते एवढेच म्हणाले, “उजेड दिसतोय, साहेब.”

असे तीन आठवडे चालले. मी पदवीला पहिल्या वर्गात आलो होतो. पृष्ठभागाची सपाटी म्हणजे काय, याची व्याख्या मला पाठ होती. पण सपाटी म्हणजे काय, हे मला त्या उजेडाच्या रेघेने शिकवले. परीक्षकाची मनधरणी करता येते, उत्तरपत्रिका फेरतपासणीला देता येते. उजेडापुढे मात्र सबब चालत नाही. चौथ्या आठवड्यात जेव्हा ती रेघ दिसेनाशी झाली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले, की आपण अभियंता झालो.

पुढे पुष्कळ वर्षांनी, निवृत्त होताना, ते मला म्हणाले, “माझ्या पोराला मी कानस हातात धरू दिली नाही. लोक साहेबाला खुर्ची देतात, फिटरला उभे ठेवतात. त्याने खुर्चीवर बसावे.” मित्रहो, या वाक्याने मी आजही अस्वस्थ होतो. कारण त्यात त्यांचा दोष नव्हता. दोष खुर्ची देणाऱ्यांचा, म्हणजे आपला होता. आणि मीही त्या दोषातून सुटलेलो नाही. माझ्या मुलाने आठवीनंतर तांत्रिक विषय घ्यायचा म्हटले, तेव्हा “त्यात वेळ जाईल, गुण कमी पडतील,” असे म्हणून मीच त्याला परावृत्त केले होते. कानशीने ज्याला घडवले, त्याने हे सांगितले! संस्कार बोलण्यातून नव्हे, तर अशा निर्णयांतून पुढच्या पिढीकडे जातात.

घटका भरली, म्हणजे काय?

आपण प्राचीन भारताच्या विज्ञानाविषयी अभिमानाने बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण अभिमान बाळगायचा तर कशाचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘घटका भरली’ हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडल्याचे वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची; छिद्रातून पाणी आत येते, वाटी भरते आणि बुडते. एक घटका म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र.

आता यातील मर्म पाहा. जुन्या ग्रंथांत या पात्रासाठी दहा पले तांबे घ्यावे, अमुक लांबीच्या सोन्याच्या तारेने छिद्र पाडावे, अशी कृती सांगितली आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’तील यंत्राध्यायात या कृतीचा आग्रह सोडून दिला. पात्र योग्य आकाराचे कसेही घडवा. ते अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजा. त्या संख्येने अहोरात्राला भागा. म्हणजे त्या पात्राचे माप तुम्हाला मिळेल, असा त्यांचा मार्ग आहे. आजच्या भाषेत याला ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. उपकरण निर्दोष असते म्हणून ते विश्वासार्ह ठरत नाही. त्याची चूक आपल्याला ठाऊक असते, म्हणून ते विश्वासार्ह ठरते. जगातील प्रत्येक मापन-प्रयोगशाळा आज याच तत्त्वावर चालते.

“आमच्याकडे सर्व काही होते,” असे सांगणारे पुष्कळ जण मला भेटतात. मी त्यांना नम्रपणे विचारतो, “आपण एक तरी घटिकापात्र करून पाहिले आहे का?” करून पाहा. छिद्र किंचित मोठे झाले, की अठरा मिनिटांतच वाटी बुडते. ते लहान करायला जावे, तर वाटी बुडायचे नाव घेत नाही. सकाळच्या थंड पाण्यात आणि दुपारच्या कोमट पाण्यात वेळ वेगवेगळी येते. पाण्यात कचरा असेल, तर छिद्र बुजते. हे सारे ज्याने अनुभवले, त्याला भास्कराचार्यांची थोरवी शब्दांनी सांगावी लागत नाही. आठवीतील मुलाला ती एका आठवड्यात कळते.

वेधशाळा उभ्या राहिल्या, शाळा उभी राहिली नाही

या परंपरेतील एक उत्तुंग उदाहरण म्हणजे महाराजा सवाई जयसिंह. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथे वेधशाळा उभारल्या. जयपूरचे सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. म्हणजे काळाची गती डोळ्यांना दिसते. दगड आणि चुना यांतून दोन सेकंदांपर्यंतची अचूकता साधणाऱ्या त्या गवंड्यांच्या हाताला वंदनच केले पाहिजे.

पण पुढे काय झाले? १७४३ मध्ये महाराज निवर्तले आणि वेध घेण्याची, उपकरणे सुधारण्याची ती परंपरा पुढे टिकली नाही. त्याच काळात युरोपात दुर्बिणी सुधारत होत्या, भिंगे घासणारे कारागीर आणि गणित जाणणारे विद्वान एकमेकांच्या शेजारी बसत होते. आपल्याकडे राजाने यंत्रे बांधली. पण यंत्रे बांधणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार होतील अशी शाळा उभी राहिली नाही. ज्याच्यापाशी गणित होते, त्याच्या हाती छिन्नी नव्हती. ज्याच्या हाती छिन्नी होती, त्याला गणिताचे दार बंद होते. जातीजातींत वाटल्या गेलेल्या आपल्या समाजाने ज्ञान आणि कौशल्य यांची फारकत केली आणि त्याची किंमत साऱ्या राष्ट्राने मोजली. समरसता हा केवळ सामाजिक न्यायाचा प्रश्न नाही. तो राष्ट्राच्या सामर्थ्याचाही प्रश्न आहे, तो असा.

ही फारकत जेथे मिटली, तेथे काय घडले तेही पाहा. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १८८५ मध्ये जगदीशचंद्र बसू रुजू झाले, तेव्हा तेथे संशोधनासाठी म्हणावी अशी प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराला हाताशी धरले आणि उपकरणे घडवली. १८९५ मध्ये त्यांनी जाहीर प्रयोगात विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. त्यांच्या लहरी पाच मिलिमीटरइतक्या आखूड होत्या. त्या लहरींचे ध्रुवीकरण तपासण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक घेतले आणि त्याच्या पानांमध्ये कथिलाचा वर्ख घातला! पीळ दिलेला तागही त्यांनी उपकरण म्हणून वापरला. साधन नाही म्हणून ते थांबले नाहीत आणि आयात होईल म्हणून वाट पाहिली नाही.

महाराष्ट्रातही असा यत्न झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची ‘पैसा फंडा’ची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे होते. त्या कारखान्याचे मोठेपण केवळ त्याने केलेल्या काचेत नाही. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशात ठिकठिकाणी गेले, यात आहे. स्वदेशीचा खरा अर्थ तोच. वस्तू येथे होणे ही पहिली पायरी. वस्तू करणारा माणूस येथे घडणे ही पुढची.

कल्याण ते खोडद

आता आपल्या काळातील, आपल्याच परिसरातील एक कथा सांगतो. प्रा. गोविंद स्वरूप हे तरुणपणी १९५३ ते १९५५ या काळात ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्राचे काम करत होते. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या तेथे आता उपयोगाच्या राहिल्या नव्हत्या. त्या भारताला भेट मिळाल्या. पुढे डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्या तबकड्या कल्याणजवळ उभारण्यात आल्या. १९६५ मध्ये ती दुर्बीण सूर्याचा वेध घेऊ लागली.

दुसऱ्यांनी वापरून झालेल्या त्या लहान तबकड्यांतून काय मिळाले? शोधनिबंध मिळाले हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट मिळाली, ती म्हणजे तरुणांचा एक चमू. संग्राहक जोडणे, केबलची लांबी जुळवणे, पावसात गंजलेले सांधे सोडवणे, न येणारा संदेश रात्रभर शोधणे, हे सारे त्यांनी स्वतःच्या हातांनी केले. त्याच गटाने तामिळनाडूत उटीला जाऊन ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण बांधली. १९७० मध्ये ती कार्यान्वित झाली. तिच्या रचनेतील युक्ती ऐका. उटीचे अक्षांश सुमारे ११ अंश आहेत. या मंडळींनी नेमका ११ अंश उताराचा डोंगर शोधला आणि दुर्बीण त्या उतारावर उत्तर-दक्षिण मांडली. त्यामुळे तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. आता एवढे प्रचंड यंत्र फक्त एका आसाभोवती फिरवले, की तारा तासन्‌तास दृष्टीत राहतो. खर्चिक यंत्रणेचे काम डोंगराने केले. असे उत्तर घोकून सुचत नाही. ज्याने गंजलेला सांधा हाताने फिरवला आहे, त्याला सुचते.

आणि त्यापुढचा टप्पा आपल्या नारायणगावजवळ, खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर. एकूण विस्तार सुमारे २५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या करायच्या, तर वजन आणि वाऱ्याचा जोर यांसाठी लागणाऱ्या पोलादाचा खर्च आवाक्याबाहेर गेला असता. येथेही स्वरूप आणि सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. पोलादी तारा ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची. वारा त्यातून निघून जातो. पण वीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब रेडिओ लहरींना मात्र ती जाळी आरशासारखीच भासते. आज जगभरातील शास्त्रज्ञ निरीक्षणाची वेळ मागण्यासाठी येथे अर्ज करतात. उटीच्या दुर्बिणीवर घडलेले विजय कपाही पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. प्रा. स्वरूप २०२० मध्ये गेले; पण सहा फुटांच्या तबकडीपासून ४५ मीटरच्या तबकडीपर्यंतची ही वाट म्हणजे तंत्रशिक्षणाचा एक परिपूर्ण अभ्यासक्रम आहे. आधी लहान उपकरण, मग मोठे. आणि प्रत्येक टप्प्यावर हाताने.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हेच. पुण्याच्या १८५४ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने तो अवकाशात नेला. अवकाशात उपग्रहाची दिशा स्थिर ठेवण्यासाठी एरवी मोटारी आणि इंधन लागते; या मुलांनी चुंबकाचा उपयोग करून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राकडूनच ते काम करून घेण्याचा मार्ग निवडला. उतारावरच्या दुर्बिणीचाच हा भाऊ! वर्षानुवर्षे एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडत होती आणि पुढची तुकडी ते काम हाती घेत होती. मागच्याने काय केले, का केले, हे लिहून ठेवल्याशिवाय पुढच्याला पाऊल टाकता येत नव्हते. नोंदवही नीट ठेवण्याचे असे शिक्षण कोणत्या तासाला मिळते?

नोकरीच्या बाजारात याचे मोल काय?

पालक विचारतील, “हे सगळे छान आहे, पण यातून मुलाला नोकरी मिळेल का?” हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही.

मी अनेक वर्षे मुलाखती घेतल्या. मी उमेदवारासमोर मायक्रोमीटर आणि तारेचा तुकडा ठेवत असे आणि म्हणत असे, “मोजा.” काही जण मायक्रोमीटर शिकंज्यासारखा आवळत. बरेच जण आकडा अचूक वाचत. मग मी विचारत असे, “या आकड्यात चूक किती असू शकेल? तीच तार पुन्हा मोजली, तर तोच आकडा येईल का?” येथे बहुतेक जण गप्प होत. त्यांना आकडा ठाऊक होता. आकड्याचा भरवसा किती, हे ठाऊक नव्हते. जो म्हणे, “सर, तीन ठिकाणी मोजून पाहतो,” त्याची निवड जवळजवळ तेथेच होत असे. आणि असे म्हणणाऱ्याने लहानपणी कधीतरी काहीतरी स्वतः बनवलेले असे, हा माझा अनुभव आहे.

उपग्रह असो, शस्त्रक्रियेचे उपकरण असो, संरक्षण साहित्य असो की चाकणच्या कारखान्यातील गाडीचा सुटा भाग असो, सर्वत्र अखेर प्रश्न एकच असतो : ठरवले तसे झाले का, आणि ते कशावरून? अवकाश क्षेत्र २०२० पासून खासगी उद्योगांना खुले झाले आहे. अशा ठिकाणी हवे असलेले गुण उपकरण बांधताना अंगी येतात. आधी आराखडा काढावा लागतो. मापात किती फरक चालेल, ते आधी ठरवावे लागते. साहित्याचा स्वभाव ओळखावा लागतो. चूक कोठे झाली, ते एकेक शक्यता बाद करत शोधावे लागते. आणि दुसऱ्याच्या हातावर विश्वास ठेवावा लागतो. संगणकाने आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने पुष्कळ कामे हलकी केली आहेत, पुढेही करतील. पण उजेडाची रेघ दिसते की नाही, हे गुण्या लावूनच पाहावे लागेल.

काय करता येईल?

आता कृतीकडे वळू. दंड पुस्तक वाचून शिकता येत नाही, तो हातात घ्यावा लागतो, हे शाखेतल्या कार्यकर्त्याला मी सांगण्याची गरज नाही. प्रत्येक शाळेने दरवर्षी, प्रत्येक वर्गाचे एक उपकरण, एवढाच संकल्प करावा.

पाचवी-सहावीसाठी शंकू आणि घटिकापात्र. अंगणात उभी काठी रोवून, तिच्याभोवती वर्तुळ काढून, सकाळ-दुपारच्या सावल्यांवरून उत्तर दिशा शोधायची. काठी उभी आहे की नाही, ते ओळंब्याने पाहायचे. सातवी-आठवीसाठी पर्जन्यमापक आणि तराजू. गावातील पावसाची चार महिन्यांची नोंद मुलांनी ठेवली, तर ती शेतकऱ्यांच्या चर्चेचा विषय होते आणि आपल्या आकड्याला किंमत आहे, हे मुलांना कळते.

नववी-दहावीसाठी दुर्बिणीचा आरसा. सहा इंच व्यासाच्या दोन काचा एकीवर एक ठेवून, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी घालून घासत राहायचे. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. सव्वा मीटरच्या आसपास नाभीय अंतर हवे असेल, तर मध्यभागी खोली जेमतेम एक मिलिमीटरच्या थोडी वर लागते. मग राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडने झिलई. शेवटी पृष्ठभागावरील चूक केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागापर्यंत खाली आणावी लागते. आणि ती तपासायला काय लागते? एक लहान दिवा आणि दाढीचे एक पाते! फ्रान्सच्या फूकोने १८५८ मध्ये शोधलेली ही चाचणी आजही तितकीच खरी आहे. येथेही न्याय उजेडच करतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशदर्शनाची आवड जोपासत आली आहे. अशा संस्थांचे मार्गदर्शन घ्यावे.

अकरावी-बारावीसाठी टाकून दिलेली डीटीएच तबकडी. तिला उपग्रह शोधण्यासाठी केबलवाले वापरतात तो साधा मीटर जोडला, की झाली रेडिओ दुर्बीण. तबकडी मोकळ्या आकाशाकडे धरली, की काटा खाली येतो. ती सूर्याकडे वळवली, की काटा वर चढतो. आणि जमिनीकडे वळवली, की तो आणखी वर जातो! सूर्य इतका तप्त असताना असे का? कारण सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, तर जमीन तबकडीची सारी दृष्टी व्यापून टाकते. हा प्रश्न मुलांना स्वतः पडू द्या; उत्तर सांगण्याची घाई करू नका. मात्र तबकडी सूर्याकडे रोखताना सावलीच्या आधारे रोखावी. सूर्याकडे थेट पाहू नये, हे आधी बजावा.

शासनानेही या दिशेने पावले टाकली आहेत. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या. आज त्यांची संख्या दहा हजारांवर आहे आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजारांची घोषणा झाली. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायशिक्षणाचा अनुभव आणि दहा दिवस दप्तराविना शाळा, अशी तरतूद आहे. हे स्वागतार्ह आहे. पण पेटी उघडायची, तयार सुटे भाग जोडायचे, दिवा लागला की छायाचित्र काढायचे आणि पेटी कपाटात ठेवायची, याला मी उपकरणनिर्मिती म्हणणार नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. परदेशातून पीएच.डी. मिळवलेला, मोठ्या कंपनीतील संशोधन सोडून खेड्यात आलेला हा माणूस. तेथील मुलांनी गावाला खरोखर लागणारी कामे करायची आणि त्यातून विज्ञान शिकायचे, ही त्यांची पद्धत. गरज खरी असली, की शिक्षणही खरे होते.

शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सूचना. हे काम शिकवायला केवळ विज्ञानशिक्षक पुरे पडणार नाहीत. गावातील सुतार, लोहार, तांबट, गवंडी यांना शाळेत बोलवा. पाहुणे म्हणून नव्हे, गुरू म्हणून. घटिकापात्र तांबटाकडून शिका. त्यांना व्यासपीठावर खुर्ची द्या आणि मुलांना त्यांच्यापुढे वाकून नमस्कार करू द्या. मुलींना या कामात वेगळे काढू नका. रांगोळीच्या ठिपक्यांत ज्यांचा हात चुकत नाही, त्यांचा हात आरशावरही चुकणार नाही. आणि जे उपकरण तयार होईल, त्यावर ते करणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा, कारागिराचेही.

माझ्या त्या फिटर गुरूंनी घडवलेली उपकरणे अजूनही वापरात आहेत. त्यांपैकी एकावरही त्यांचे नाव नाही. त्यांच्या मुलाला खुर्ची मिळाली, याचा मला आनंदच आहे. पण कानस धरणाऱ्याला खुर्ची मिळत नाही म्हणून कानस सोडावी लागली, याची मला लाज वाटते. ती लाज आपण सर्वांनी मिळून पुसायची आहे.

येत्या खंडेनवमीला शाळेत पाट मांडाल, तेव्हा त्यावर बाजारातून आणलेल्या अवजारांबरोबर मुलांनी स्वतः केलेले एक उपकरणही ठेवा. ते ओबडधोबड असेल, चालेल. त्याच्याशेजारी त्याची चूक किती आहे, हे लिहिलेली चिठ्ठी मात्र असू द्या. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ते पाटावरून उचलून पुन्हा मुलांच्या हाती द्या. सीमोल्लंघन तेथून सुरू होईल.

भारत माता की जय!